यजमानाला प्रतिनिधी नाही

मेणवलीचा वाडा सहा चौकांचा आहे. वाईहून धोमच्या रस्त्याला लागले की तीनेक किलोमीटरवर कृष्णेकाठी हे गाव लागते. १७६८ साली ते नाना फडणविसांना इनाम मिळाले. पुढे त्यांनी इथे वाडा बांधला, नदीला अर्धचंद्राकृती घाट बांधला, घाटावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ उभे केले. नानांचा जन्म साताऱ्याचा, १७४२ चा. कारकीर्द सगळी पुण्यात गेली, पण मनाजोगता वाडा बांधायला त्यांनी आमच्या वाईजवळचा हा नदीकाठ निवडला, याचे मला वाईकर म्हणून अजून समाधान वाटते.

बाहेरून वाडा म्हणजे नुसती जाड, उंच भिंत. सारे वैभव आत. दरवाजा, देवडी, मग पहिला चौक, चौकाभोवती सोपे, सोप्यांना सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. एका चौकातून दुसऱ्यात जावे तसतसा बाहेरचा माणूस मागे राहतो. कारकून आणि पाहुणे पुढच्या चौकात, घरच्या बायका-मुले आतल्या चौकात, आणि शेवटी नदीकडे उघडणारे दार. भिंतींवर दशावताराची चित्रे आहेत. रंग पुसट झाले आहेत, तरी थोडा वेळ उभे राहिले की आकृती ओळखू येतात.

इंग्लंडमधल्या खेड्यातल्या जुन्या घरांची चित्रे पाहिली तर घर मधोमध आणि बाग सभोवती असते. आपल्या वाड्यात मोकळी जागा मधोमध आणि घर तिच्या सभोवती. याचे एक कारण ऊन, वारा आणि पागोळ्यांच्या पाण्याची सोय. दुसरे कारण माझ्या रोजच्या कामातले आहे. माझा व्यवसाय भिक्षुकीचा. घराच्या वास्तुशांतीला आम्ही एक्याऐंशी पदांचे मंडल मांडतो. पंचेचाळीस देवता त्यात बसवतो आणि मधली नऊ पदे ब्रह्म्याला देतो. तिथे भिंत किंवा खांब येऊ नये, असे शास्त्र सांगते. वाड्याचा चौक म्हणजे ती नऊ पदे. तिथे आभाळ घरात येते. तुळशीवृंदावन तिथे असते, मुंजीचा मांडव तिथे पडतो, आणि घरातून माणूस शेवटचा निघतो तोही तिथूनच. मेणवलीच्या चौकात उभा राहिलो की ते मंडल, जे मी आयुष्यभर पाटावर तांदळाने मांडत आलो, त्यात आपण उभे आहोत असे वाटते.

अशी घरे जपली पाहिजेत, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. प्रश्न पुढचा आहे, आणि तो मला धर्माचा वाटतो. जुने घर जपायचे म्हणजे त्यातले नेमके काय जपायचे? लाकूड? माप? की आणखी काही?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. सांगलीला गावभागात माझे आजोळ आहे. मेणवलीसारखे मोठे नाही, एका चौकाचे, पण घडण तीच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची. गावभागातल्या घरांत पाणी आठवडाभर उभे होते. दगडी जोत्याला काही झाले नाही. पांढरीच्या मातीच्या भिंती मात्र तळाकडून विरघळत गेल्या आणि पाणी उतरल्यावर बसल्या. तरीही वरचा माळा उभाच होता. वाड्याचा भार खांब-तुळयांवर असतो, भिंत फक्त आडोसा धरते, म्हणून भिंती गेल्या तरी घर पडत नाही. सुतारांनी पाणी प्यालेले खांब बदलले, काही तुळयांना जोड दिले, भिंती नव्याने घातल्या. मधली दोन वर्षे त्यात गेली. काम संपत आल्यावर मामांनी पुण्याहून फोन करून विचारले, ‘वास्तुशांत पुन्हा करायची का रे?’

मामा थोड्या शब्दांत बोलतात. त्या एका वाक्यात सगळे होते. घर तेच असेल तर त्यांच्या पणजोबांनी केलेली शांत अजून चालू आहे. आग्नेय कोपऱ्यात पुरलेली वास्तुप्रतिमा अजून तिथेच आहे. घर नवे असेल तर ते नव्या घरात राहायला लागणार, आणि जुने वारले असे धरायला हवे.

आपल्या शास्त्रकारांनी हा प्रश्न फार पूर्वी कापडावर घासून पाहिला आहे. नैयायिक म्हणतात, पट हा तंतूंहून वेगळा पदार्थ आहे, तंतूंमध्ये राहणारा. एक तंतू काढला तर पहिला पट नष्ट होतो आणि उरलेल्या तंतूंचा दुसरा, खंडपट, जन्मतो. या हिशेबाने सुताराने पहिला खांब काढला त्या क्षणी पणजोबांचा वाडा संपला. नैयायिकांची शिस्त मला मनापासून आवडते, पण घरात राहणाऱ्या माणसाला ती परवडणारी नाही. बौद्ध पंडित दुसऱ्या टोकाला जातात. मिलिंद राजाला नागसेनाने रथाबद्दल विचारले, की चाक म्हणजे रथ का, कणा म्हणजे रथ का, आणि कशातच रथ न सापडल्यावर रथ हे नुसते नाव ठरले. म्हणजे वाडा कधी नव्हताच, त्यामुळे तो गेला काय, राहिला काय. वेदान्ती हळुवार आहेत. पूर्वी एका गावी पाहिलेला देवदत्त आज दुसरीकडे भेटतो, केस पिकलेला, वाकलेला, तरी आपण हा तोच देवदत्त म्हणतो. तेव्हाचा काळ आणि आताचा काळ, तेव्हाची जागा आणि आताची जागा, ही विरोधी अंगे आपण सोडून देतो आणि उरलेल्याला ओळखतो. मामा पुरानंतर पहिल्यांदा आले तेव्हा चिखलाच्या ढिगावर उभे राहून त्यांनी वाड्याला असेच ओळखले असणार.

पण ओळखणारा माणूस गेला की? देवदत्ताला ओळखायला कोणी पूर्वी पाहिलेला लागतो. मेणवलीचा वाडा नानांच्या काळात पाहिलेले कोणी नाही. इथे मला वेदान्तही अपुरा पडतो.

युरोपातही या प्रश्नावर लोक पोटतिडकीने भांडले आहेत. जॉन रस्किनने १८४९ सालच्या पुस्तकात जुन्या इमारतींच्या नूतनीकरणाला कडाडून विरोध केला. मेलेल्या कारागिराचा हात परत आणता येत नाही, ही त्याची कळकळ होती. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्थाच काढली, आणि इंग्लंडातल्या खेड्यातली साधी घरेसुद्धा पुढे कायद्याच्या यादीत आली. त्यांचा दंडक असा की जुने आहे ते धरून ठेवा, आणि नवा तुकडा घालावाच लागला तर तो नवा म्हणून दिसू द्या. तो विचार जॉन मार्शल यांनी १९२३ च्या आपल्या नियमपुस्तकातून हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्यात रुजवला. आजही केंद्राच्या संरक्षित वास्तूभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. या विचाराबद्दल मला आदर आहे. तो नसता तर आपली कितीतरी लेणी आणि देवळे ऑइलपेंटखाली गेली असती. जपानात इसे येथले मंदिर मात्र दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडात पुन्हा बांधतात, आणि तरी ते प्राचीनच मानतात. एका जगात द्रव्य पवित्र, दुसऱ्यात कृती.

आपला जीर्णोद्धार या दोन्हींच्या मधला आहे. देऊळ दुरुस्तीला काढण्याआधी मूर्तीतले तत्त्व कलशात आवाहन करायचे. जीर्ण झालेली दगडी मूर्ती खोल पाण्यात सोडायची, लाकडी असेल तर अग्नीत द्यायची. नवी मात्र त्याच द्रव्याची आणि त्याच मापाची करायची. अग्निपुराणात हे विधान आहे. द्रव्य जाऊ द्या, पण द्रव्याची जात आणि माप सोडू नका.

देवळासाठी हे स्पष्ट आहे. घरासाठी उत्तर शोधायला मी मीमांसेकडे वळलो, आणि वाईत राहणाऱ्याला ते दार फार लांब नाही. इथल्याच प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांनी, म्हणजे पुढच्या केवलानंद सरस्वतींनी, सात खंडांचा मीमांसाकोश सिद्ध केला. जैमिनींच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा विचार आहे. यज्ञ सुरू झाला आणि सांगितलेले द्रव्य मिळेना किंवा मध्येच नासले, तर काय करायचे? यज्ञ सोडायचा नाही. व्रीही नसतील तर नीवार घ्या. सोम नसेल तर पूतीका घ्या. जवळात जवळचे साम्य असलेले द्रव्य घ्या आणि मंत्र आहे तोच म्हणा. यज्ञ तोच राहतो. शेकडो वर्षांपूर्वी कोणी तरी इतक्या शांतपणे हे ठरवून ठेवले, याचे मला दर वेळी नवल वाटते. सागवानाच्या जागी सागवान तर साम्याहूनही जवळचे. तेवढ्याने माझे सुतारापुरते समाधान झाले.

पण त्या अधिकरणांत दोन बंधने आहेत. पहिले असे की निषिद्ध द्रव्य प्रतिनिधी म्हणूनही चालत नाही. मूग संपले म्हणून उडीद घ्यायचे नाहीत, कितीही सारखे दिसोत, कारण उडीद यज्ञाला वर्ज्य सांगितले आहेत. गावभागात पुरानंतर किती वाड्यांच्या भिंतींना घाईने सिमेंट फासले गेले! सिमेंट दिसायला भक्कम असते. पण मातीची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा थर आला की ओल आत कोंडते आणि भिंत पोटातून कुजते. वरून गिलावा गुळगुळीत आणि आत भुसा. मी मामांना सांगितले की पांढरीची माती आणि चुना मिळेपर्यंत थांबा, एक पावसाळा ताडपत्रीखाली काढा, पण सिमेंट लावू नका. हे सांगताना मी भिक्षुक म्हणूनच बोलत होतो. गवंड्याने कारण विचारले तेव्हा मी ओलीचे सांगितले, उडदाचे नाही. पण दोन्ही एकच आहेत.

दुसरे बंधन जास्त कठीण. द्रव्याला प्रतिनिधी आहे. देवतेला नाही, अग्नीला नाही, मंत्राला नाही, विहित कर्माला नाही. आणि यजमानाला नाही. ज्याने संकल्प केला, ज्याला फळ मिळायचे, त्याच्या जागी दुसरा बसवून यज्ञ पुरा होत नाही.

आता वाड्यांकडे पाहा. आपण खांबांची चिंता करतो, कौलांची करतो, चित्रांवर चढणाऱ्या बुरशीची करतो, आणि ते सगळे रास्त आहे. पण घराचा अग्नी चुलीत होता, देवता देवघरात होत्या, कर्म म्हणजे रोजचे सडासंमार्जन, सांजवात, आल्यागेल्याचे पान. आणि यजमान म्हणजे राहणारा गृहस्थ. सुतार-गवंड्याला ज्याची नक्कल करता येते त्या सगळ्याला मीमांसा बदलू देते, आणि ज्याची करता येत नाही तिथेच ती थांबते. माझ्या मते घराचे रक्षण म्हणजे आधी या चार-पाच गोष्टींचे रक्षण. खांब त्यानंतर. कोणी राहत नसलेला, सायंकाळी दिवा न लागणारा वाडा शंभर टक्के मूळ सागवानाचा असला तरी माझ्या दृष्टीने तो यज्ञ मध्येच थांबला आहे.

मेणवलीच्या घाटावरच्या घंटेजवळ हा नियम मला सर्वांत तीव्रपणे टोचतो. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा देशावर आल्या आणि ठिकठिकाणी देवळांत लागल्या. मेणवलीची घंटा त्यांतली. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. द्रव्य तेच आहे, एक रवाही बदललेला नाही. रस्किनच्या कसोटीला ती पूर्ण उतरते. पण देवता बदलली, मंत्र बदलला, यजमान बदलला. म्हणजे वसईच्या त्या चर्चमधला यज्ञ तिच्यापुरता संपला आणि मेणेश्वरापाशी दुसराच सुरू झाला. आपण विजयाची खूण म्हणून ती दाखवतो. दाखवावी. इतिहास आहे. मला मात्र तिच्यापाशी उभे राहिल्यावर वसईतली ती माणसे आठवतात, ज्यांची प्रार्थनेची वेळ ती सांगत असे. आपल्या देवळाची घंटा अशी कुणी नेली तर आपल्याला जे वाटेल तेच त्यांना वाटले असणार, आणि हे म्हटल्याने चिमाजी अप्पांचा पराक्रम कमी होत नाही.

यजमानाला प्रतिनिधी नाही हे खरे, तर मग घरे टिकणार कशी? माणसे मरतात. नाना १८०० साली गेले, पोटी मुलगा नव्हता. त्यांची पत्नी जिऊबाई यांनी पुढचे आयुष्य मेणवलीत काढले आणि दत्तक घेऊन घर चालते ठेवले. स्मृतिकार दत्तकाला पुत्राचा प्रतिनिधीच म्हणतात. तिथे धर्मशास्त्राने मीमांसेच्या कडक नियमात एक फट ठेवली, आणि त्या फटीतून महाराष्ट्रातले कितीतरी वाडे आजच्या दिवसापर्यंत आले आहेत. वाडा आजही नानांच्या वंशजांकडे आहे. तिथली कागदपत्रे दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी उजेडात आणली, त्यांचा संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. कागदांना नवे घर मिळाले. वाड्याला मात्र उचलून नेता येत नाही.

पण आजची अडचण दत्तकाने सुटणारी नाही. आज वंश आहे, फक्त तो पुण्यात, बंगळुरात, न्यू जर्सीत आहे. माझ्या आजोळच्या घराच्या मिळकतपत्रिकेवर नावांची रांग आहे आणि त्यांतले एकही नाव सांगलीत राहत नाही. राहते कोण? मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून आलेल्या काकू. त्यांचे यजमान गेले, मुलगी सासरी आहे. पुरात त्या सगळ्यांच्या आधी परतल्या आणि चौकातला गाळ त्यांनी फावड्याने ओढला. देवघरात सांजवात त्या लावतात. वर्षातून एकदा आग्नेय कोपऱ्यात वास्तूला नैवेद्य दाखवतात. घर त्यांचे नाही, कधी होणारही नाही.

सत्राचा विचार मला त्यांच्यामुळे आठवला. सत्र म्हणजे फार दिवस चालणारा यज्ञ. त्यात किमान सतरा आणि फार तर चोवीस जण एकत्र दीक्षा घेतात. तिथे ऋत्विज वेगळे आणि यजमान वेगळा असे नसते, सगळेच यजमान. एवढ्या दिवसांत त्यांतला एखादा मेला तर? जैमिनी म्हणतात, इथे दुसरा माणूस आणून संख्या पुरी करावी. यजमानाला प्रतिनिधी नाही या नियमाला हा एकच अपवाद. मग शंका निघते की आणलेला माणूस यजमान झाला का? उत्तर आहे, नाही. फळ त्याला नाही, ते मूळच्यांचे. तरी यजमानाचे सगळे नियम मात्र त्याला पाळावे लागतात. दीक्षा, व्रत, सारे.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते अन्यायाचे वाटले होते. आता तसे वाटत नाही असे नाही, पण त्यात जगाचे खरे वर्णन आहे असे मात्र वाटते. अनेक नावांचा वाडा हे सत्र आहे, आणि ते पुरे व्हायचे असेल तर फळाचा हक्क नसलेले कोणी तरी व्रत धरून आत बसलेले लागते. मेणवली असो, मिरज असो, गावभाग असो, जिथे जुने घर जिवंत दिसते तिथे असे एखादे माणूस शोधले की सापडते. त्याचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नसते. रक्षणाचा कायदा दगड-लाकडाची नोंद करतो, पण या माणसाची नोंद करायला त्यात रकाना नाही, आणि तो असावा असे मी मनापासून म्हणतो. निदान मालकांनी त्याचे भाडे वाढवू नये, आजारपणात विचारपूस करावी, आणि घर विकायचे ठरले तर त्याला सर्वांत आधी सांगावे.

मामांना मी शेवटी उत्तर दिले. मुहूर्तग्रंथांत गृहप्रवेशाचे तीन प्रकार आहेत. नव्या घराचा अपूर्व, प्रवासाहून परतल्यावरचा सपूर्व, आणि आग, पाणी अशा आपत्तीतून सावरलेल्या घरातला द्वंद्व. म्हणजे पुराने मोडलेले घर शास्त्राने नवे धरलेले नाही. आम्ही शांत केली, पण संकल्पात ‘नूतन’ म्हटले नाही. आग्नेय कोपरा उकरला नाही, जुनी प्रतिमा जिथे आहे तिथेच राहू दिली. मामांचा मुलगा आणि सून पुण्याहून येऊन पाटावर बसले. फळ त्यांचे, म्हणून बसायचे त्यांनीच. घराभोवती सूत गुंडाळताना काकू पुढे दिवा धरून चालल्या.

ताटे मांडायच्या आधी काकूंनी मला बाजूला घेतले. ‘गुरुजी, मामांच्या घरी उद्या काही कमीजास्त झालं, सुतक आलं, तर मी इथं दिवा लावायचा का बंद ठेवायचा?’ मामांचे वय त्यांच्याही डोळ्यांपुढे होते. सत्राच्या न्यायाने पाहिले तर यजमानाचे नियम त्यांना लागतात. व्यवहाराने पाहिले तर सुतकातल्या घरी दिवा लावायला आपण नेहमी परगोत्री शेजाऱ्यालाच बोलावतो. मी म्हणालो, ‘लावायचा, काकू. तेव्हा तर तुम्हीच लावायचा. घरच्यांना तेवढे दिवस चालत नाही.’ त्यांनी मान हलवली आणि वाती किती करून ठेवायच्या ते विचारले.